अनुमोदक म्हणून माझं नाव

कोतवाल नोटीस घेऊन आला तेव्हा माझे दोन्ही हात एका मोटरीच्या स्टेटरमध्ये होते. जळालेली वाइंडिंग काढायची म्हणजे एका बाजूने छिन्नीने तारा कापायच्या आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने ओढून काढायच्या. मध्येच सोडलं की पुन्हा धड पकड बसत नाही. म्हणून म्हटलं, "ठेव रे तिथं टेबलावर." तो म्हणाला, "ठेवता येत नाही नाना, सही लागते." हात पुसून सही केली. वार्निशचा काळा ठसा त्याच्या पोचवहीवर उमटलाच.

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. वर 'ग्रामपंचायत विवाद अर्ज' असं लिहिलेलं. अर्जदार म्हणून आमच्याच वॉर्डातला एक जण, जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत माझ्यासमोर पडलेला. जाबदेणार म्हणून मी, ग्रामपंचायत सदस्य. खाली ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ (१) (ग). मला त्या कंसातल्या 'ग'चा अर्थ माहीत नव्हता. बायकोने विचारलं काय आहे, तर मी म्हटलं, "काही नाही, राजकारण."

पुढचे दोन दिवस मी भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवत होतो: "मी पंचायतीचा एक रुपया खाल्ला असेल तर सांगा." नोटिशीत मी पैसे खाल्ले असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

झालं होतं ते असं. २०२३ ला पावसाने दगा दिला. ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात खानदेशातले तीन होते, नंदुरबार, शिंदखेडा आणि आमचा चाळीसगाव. मार्च उजाडेपर्यंत गावच्या पाणीपुरवठ्याच्या दोन बोअरपैकी एक फुसफुसायला लागला. दुसऱ्यावर सगळा भार. एका रात्री एक फेज गेला, मोटर तशीच गुरगुरत राहिली आणि जळाली. सरपंचांचा फोन साडेदहाला आला. गावात रिवाइंडिंगचं दुकान एकच, माझं. चाळीसगावहून कारागीर बोलवायचा म्हणजे दोन दिवस तो येण्यात आणि दोन दिवस मोटर नेण्या-आणण्यात.

मी दोन पोरं घेतली, चेनकुप्पी लावली, १८० फुटांवरून साडेसात एचपीची मोटर रात्रीच वर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बांधायला बसलो. केबल दोन ठिकाणी सोललेली होती, पाइप जुना, जोडावर पाझरत होता, सगळंच बदललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीत पाणी पडलं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. हे काम मी चांगलं केलं होतं आणि अजूनही तसंच म्हणेन.

मग बिल दिलं. ते मला आता पाठ आहे. रिवाइंडिंग तारेसकट ९,५००. केबल ६० मीटर ६,६००. एचडीपीई पाइप १०० मीटर १५,०००. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, १,८००. स्टार्टर ४,२५०. मजुरी ४,५००. एकूण ४१,६५०. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेल्या पैशातून, ते निघालं. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, ऑनलाइन भरलं, सरपंचांनी डिजिटल सही केली आणि पैसे दुकानाच्या खात्यावर आले. दुकानाचं खातं बायकोच्या नावावर. शॉप अ‍ॅक्टही तिच्याच नावावर, कारण दुकान टाकलं त्या वर्षी माझ्या नावावर सोसायटीचं पीककर्ज थकलेलं होतं आणि बँक मला उभं करत नव्हती. यात पंचायतीपासून लपवायचा काही डाव नव्हता, मी तेव्हा सदस्यही नव्हतो. पण कागदाला हे कळत नाही.

अर्जदाराला हे कळलं कसं, तर मोबाइलवर. ई-ग्रामस्वराज या सरकारी साइटवर गावाचं नाव टाकलं की कोणत्या तारखेला किती पैसे कोणाला गेले ते दिसतं. त्याच्या पुतण्याने बसल्याजागी शोधलं. मग माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पुढे झेरॉक्सचे पानाला दोन रुपये. माझं पद घालवायला त्याला दीडशे रुपयांच्या वर खर्च आला नसावा. माझा किती आला ते मी इथं लिहीत नाही, घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

नोटिशीला जोडलेली कागदं मी पहिल्यांदा नीट वाचली ती जळगावला जाताना, गाडीत. चाळीसगावला खिडकी मिळाली होती. बिल होतं, व्हाउचरची प्रिंट होती, शॉप अ‍ॅक्टची प्रत होती. मग तीन दरपत्रकं. ही कामाच्या आधी मागवायची असतात; आमच्याकडे काम झाल्यावर फायलीला लावतात. माझं एक आणि चाळीसगावच्या दोन ओळखीच्या दुकानांची कोरी लेटरहेड मीच आणून भरलेली, माझ्यापेक्षा दोन-पाच हजारांनी जास्त. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ मारायची माझी सवय आहे, आयटीआयपासूनची. तिन्ही कागदांवरच्या सगळ्या सातांना ती रेघ होती. अर्जदाराच्या वकिलाने लाल पेनाने तेवढ्यालाच गोल केले होते, बाजूला एक शब्दही लिहिला नव्हता.

शेवटचं पान मासिक सभेच्या ठरावाचं. 'पाणीपुरवठा मोटर दुरुस्तीच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे.' सूचक अमुक. अनुमोदक म्हणून माझं नाव.

पाचोरा येईपर्यंत मी ते पान पाहत होतो. त्या सभेला मी होतो, चहा घेतला, प्रोसिडिंगवर सही केली. पण अनुमोदन? कोणी कधी तोंडाने अनुमोदन दिलंय आमच्याकडे? भाऊसाहेब प्रोसिडिंग नंतर घरी बसून लिहितात आणि सूचक-अनुमोदकाची नावं पाळीपाळीने टाकतात, म्हणजे कोणी रुसत नाही. त्या महिन्यात माझी पाळी होती. बायकोच्या दुकानाचं बिल मंजूर करा, असं मी कागदावर म्हटलेलं होतं, आणि ते मला सहा महिन्यांनी रेल्वेत कळत होतं.

वकीलसाहेब वयस्क, ग्रामपंचायतीच्याच केसेस लढवणारे. त्यांनी कायद्याचं पुस्तक न उघडता सांगितलं: ग्रामपंचायतीने करवून घेतलेल्या कामात किंवा ग्रामपंचायतीशी केलेल्या करारात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तर तो सदस्य राहू शकत नाही. झालं की नाही हे कलम १६ खाली जिल्हाधिकारी ठरवतात.

मी म्हटलं, "साहेब, पण मी नफाच घेतला नाही."

"मजुरी साडेचार हजार. पोरांना किती दिली?"

"दोघांना मिळून अठ्ठावीसशे."

"मग सतराशे?"

मी गप्प.

"वाइंडिंग साडेनऊ. तार कितीची?"

"सहा हजारांची असेल."

त्यांनी वहीच्या कोपऱ्यात बेरीज केली आणि वही माझ्याकडे फिरवली. ५,२००. त्यात केबल-पाइपवरचं दुकानदाराचं कमिशन धरलेलं नव्हतं. इतके दिवस मी गावभर 'शून्य नफा' सांगत फिरत होतो आणि मला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी वाइंडिंगचे अकरा हजार सांगितले असते, त्या अर्थाने मी गावाला सवलत दिली होती. सवलतीलाच मी नफा नाही असं म्हणत होतो.

"आणि समजा नसता घेतला," ते म्हणाले, "तरी तुमची केस तुम्ही समजता ती नाही. भ्रष्टाचार केला का, हा प्रश्नच नाही. गावच्या वतीने पैसे द्यायचे की नाही ठरवणाऱ्यांत तुम्ही होता आणि पैसे घेणारेही तुम्हीच. एवढंच विचारणार."

मी विचारलं, सभेत उठून सांगितलं असतं की बाबांनो हे दुकान माझ्याच घरचं आहे, आणि बाहेर जाऊन बसलो असतो तर? मला वाटलं होतं ते हो म्हणतील. ते म्हणाले, "बरं दिसलं असतं. वाचला नसता. हे कलम सांगितलं-न सांगितलं बघत नाही. सदस्य राहायचं तर बिल नाही. फुकट केलं असतं तर आज इथं नसता."

फुकट! बेचाळीस हजारांचं काम! हे ज्याने लिहिलं त्याच्या गावात एकच मेकॅनिक नसणार, असं मला वाटलं, आणि थोडं अजूनही वाटतं. छोट्या गावात किराणा एकाचा, ट्रॅक्टर एकाचा, जेसीबी एकाचा, आणि निवडून येणारेही बहुतेक तेच, कारण लोक ओळखतात त्यांनाच. पण त्याच दिवशी मला हेही कबूल करावं लागलं की सातांवरची रेघ दुष्काळाने मारलेली नव्हती.

बचावाचा एक रस्ता होता. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नगरपालिकेच्या प्रकरणात म्हटलेलं आहे की नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे, तो पैशाचा, भौतिक हवा. मायेचा असून चालत नाही. तेव्हा दुकान खरोखरच बायकोचं स्वतंत्र आहे, ती ते चालवते, माझा त्यात हिस्सा नाही, असं तिचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. वकीलसाहेबांनी हे सांगितलं आणि पुढे जोडलं, "खरं असेल तरच हं."

घरी येऊन मी तिला समजावलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मना नाव ते पाटीवर शे. माले वाइंडिंग येस का?" मी म्हटलं, तसं कोणी विचारणार नाही, फक्त सही. ती म्हणाली, साहेबाने विचारलं एका स्लॉटमध्ये किती वेढे, तर मी काय सांगू? मग बराच वेळ बोलली नाही. ताट वाढताना एवढंच म्हणाली की खोट्या सहीच्या कागदावर तिला पोराचं नाव दिसतं. पोरगा तेव्हा बारावीला होता, त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, पण मी प्रतिज्ञापत्राचा विषय पुन्हा काढला नाही.

लेखी म्हणण्यात मग वस्तुस्थिती मान्य केली आणि टंचाईची तातडी, दुसरा कारागीर नसणं, बाजारभावापेक्षा कमी दर, हे सगळं मांडलं. मध्ये पंचायत समितीचे विस्तार अधिकारी चौकशीला गावात आले. पंचायतीच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या, जबाब घेतले. शंभर माणूस जमा. ग्रामसभेला कोरमसाठी एवढे लोक कधी येत नाहीत. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते, तेवढेही जमवताना तहकुबी होते. माझ्या बाजूचे म्हणाले, नाना नसता तर गाव तहानेनं मेलं असतं. त्या बाजूचे म्हणाले, गावात दुसरं दुकानच उघडू देत नाही हा. दुसरं अगदीच खोटं होतं, पण अहवालात दोन्ही आलं.

माय गर्दीच्या मागे उभी राहून ऐकून आली होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने विचारलं, "गावले पानी दिधं ते चांगलं कयं. मंग पैसा कसाले लिधा?" मी म्हटलं, माय, तार फुकट मिळते का? ती म्हणाली, तारेचे घ्यायचे होते. तिला कलम माहीत नाही, तिनं फक्त सतराशे पकडले होते. ते तिला कोणी सांगितले, देव जाणे.

सुनावणीच्या तारखा सप्टेंबरपासून पडत गेल्या. पहिल्या तारखेला अर्जदाराचा वकील नाही, दुसरीला अहवाल यायचा होता, मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं डिसेंबरवर गेलं. दर तारखेला मी आणि अर्जदार एकाच गाडीने जायचो, एकाच गाडीने यायचो. पहिल्या दोन वेळा वेगवेगळ्या डब्यांत. तिसऱ्या वेळी गर्दी इतकी की समोरासमोरच बसावं लागलं. त्याने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. मी घेतले. दोघांनाही बोलायला काही नव्हतं, कापसाच्या भावावर बोललो.

शेजारी जळगावचे एक निवृत्त गृहस्थ होते. आमचा विषय ऐकून त्यांनी घरकुलची गोष्ट काढली. जळगाव नगरपालिकेची घरकुल योजना, ठेका देताना झालेला गैरव्यवहार, आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेले ४८ जण. माजी मंत्री, नगरसेवक, ठेकेदार, सगळे एका रांगेत. प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं ते वेगळं. "तिथं कोटी होते," ते मला धीर देत म्हणाले, "तुमचे हजार." अर्जदार खिडकीबाहेर बघत होता. मला धीर आला नाही. माझ्या कलमात रकमेचा आकडाच नव्हता, मी ते आता वीस वेळा वाचलं होतं.

जानेवारीत अंतिम सुनावणी झाली. मला वाटत होतं तासभर चालेल. नवा शर्ट घातला होता. दोन्ही वकील मिळून सहा-सात मिनिटं बोलले. मग जिल्हाधिकाऱ्यांनी फायलीतून मान वर करून थेट मला विचारलं, "दुकानात कोण बसतं?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते समोरच बघत राहिले. मी म्हटलं, "मी बसतो."

"बरं," ते म्हणाले, आणि लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेब म्हणाले, "संपलं." रागावले नव्हते. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

आदेश फेब्रुवारीत आला, तीन पानी. सदस्य म्हणून अनर्ह. टंचाईच्या मुद्द्यावर एक परिच्छेद होता, की काम तातडीचं होतं हे मान्य केलं तरी त्याने हितसंबंध नाहीसा होत नाही. तो परिच्छेद मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात काम चांगलं झाल्याचं मान्य केलेलं होतं. पंधरा दिवसांत नाशिकला आयुक्तांकडे अपील करता येत होतं. मुदत संपायला वर्षही उरलं नव्हतं. तेवढ्यासाठी नाशिकच्या फेऱ्या आणि पुन्हा वकील, हे मी कागदावर मांडलं आणि अपील केलं नाही. लोक म्हणतात मी चूक मान्य केली. मी हिशेब केला होता, एवढंच.

अजून एक सांगायचं राहिलं. नोटीस आली त्या रागात मीही माहितीचा अर्ज टाकला होता. ती कागदं दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. मुरूम टाकण्याची बिलं आहेत, ट्रॅक्टर एका सदस्याच्या मेहुण्याचा. गावातले दोघे-तिघे अजून येऊन विचारतात, नाना, कधी टाकताय केस? मोठ्या मनाने सोडून दिलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मेहुणा वेगळा राहतो, त्याचा चुलीसकट संसार वेगळा आहे, आणि १९६६ चा तो निकाल आता मला पाठ आहे. नुसत्या नात्यावर केस उभी राहत नाही. पैशाचा धागा सापडला तर बघू.

२०२५ च्या मे महिन्यात दुसऱ्या बोअरची मोटर गेली. सकाळी आठला भाऊसाहेब दुकानात. त्यांचं पदनाम मध्यंतरी बदललं, ग्रामसेवकाचे ते आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण गाव भाऊसाहेबच म्हणतं. खुर्चीवर बसून म्हणाले, "नाना, आता तुमच्याकडून काम करून घ्यायला काहीच अडचण नाही. तुम्ही सदस्य नाहीत."

म्हटलं, "दरपत्रकं?"

"तुमचं द्या. बाकीची दोन..." ते थांबले.

"बाकीची दोन तुम्ही चाळीसगावहून मागवा. आणि कार्यादेश लेखी द्या, मग चेनकुप्पी काढतो."

"पाणी नाहीये हो गावाला."

"मला माहीत आहे. माझ्याही घरी नाही."

ते गेले. दुपारी तीनला दोन दरपत्रकं आणि शिक्क्याचा कार्यादेश घेऊन परत आले. एका दुकानाचा दर माझ्यापेक्षा आठशेने कमी होता, पण त्याला यायला चार दिवस लागणार होते; तसं त्याने लिहूनच दिलं होतं आणि भाऊसाहेबांनी ते फायलीला लावलं. आम्ही साडेचारला बोअरवर पोचलो.

काम झाल्यावर बिल करायला बसलो. बिलबुकावर अजून बायकोचंच नाव छापलेलं आहे, शॉप अ‍ॅक्ट बदलायचा राहिलाय. रिवाइंडिंग लिहिलं, केबल लिहिली. मजुरीच्या ओळीवर पेन थांबला. ती आतून चहा घेऊन आली, बिल बघितलं आणि म्हणाली, "पोरांचे किती झाले?"

"तीन हजार."

"आणि तुमचे?"

"दोन."

"लिहा ना मग."

दोन ओळी केल्या. मजूर दोन, ३,०००. कारागीर स्वतः, २,०००.